माशांच्या टँकचं पाणी पांढरट झालंय, कण तरंगतायत? टँक रिकामा करण्याआधी या क्रमाने बघा

दोन फुटी टँक आणला, खडे घातले, पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी चार गोल्डफिश सोडले आणि चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पाण्यात कुणीतरी कपभर दूध ओतल्यासारखं झालेलं. मागच्या बाजूला लावलेला निळा पेपरसुद्धा धड दिसेना. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला सगळं पाणी काढा, खडे धुवा, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा आणि परत भरा. केलं. तीन दिवसांनी परत तेच. परत काढलं, परत भरलं. दोन आठवड्यांत हे तीनदा केलं आणि तिसऱ्या वेळेनंतर दोन मासे गेले. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तिने चौघांना नावं दिली होती, त्यामुळे त्या दिवशी घरात काय झालं असेल ते तुम्हाला कळेल.

त्याला आता पाच वर्षं झाली, घरात तीन टँक आहेत, आणि ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा पांढऱ्या पाण्याचा फोटो महिन्यातून एकदा तरी मला येतोच. प्रत्येकाला मी तेच सांगते, पाणी गढूळ व्हायला चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्या कारणाला चक्क मारक ठरतो. त्यामुळे आधी ओळखायचं, मगच टँकमध्ये हात घालायचा.

हे सगळं गोड्या पाण्याच्या टँकबद्दल आहे. समुद्री टँक मी ठेवलेला नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- दोन बादल्या, फक्त टँकसाठी. त्यात कधी साबण, फिनेल काही गेलेलं नसावं. मी त्यांच्यावर मार्करने मासा काढून ठेवलाय म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी फरशीला घेत नाहीत
- सायफन पाईप, एका टोकाला रुंद नळी असलेला, खडे साफ करायचा
- अँटी-क्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध
- फिल्टर वूल, म्हणजे पांढरा पॉलिस्टरचा कापूस. औषधाच्या दुकानातला खरा कापूस नको, तो पाण्यात कुजतो
- जास्तीचा एअर पंप आणि एअर स्टोन, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड
- अमोनियाची टेस्ट किट, थेंबांची. टँक नवीन असेल तर ही एक वस्तू घ्याच
- टॉर्च, साधा काचेचा ग्लास, एक पांढरा कागद आणि एक काळं कापड

आणि आपल्या टँकमध्ये पाणी किती हे माहीत हवं, कारण प्रत्येक बाटलीवर डोस लिटरमध्ये असतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि १००० ने भागायचं. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे ६० x ३० x ३०, ते आलं ५४ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी ४५ च्या आसपास.

१. पाण्याआधी मासे बघा

पाणी कितीही घाण दिसत असलं तरी पहिली दोन मिनिटं फक्त माशांकडे बघा. मासे नेहमीसारखे फिरतायत, खायला धावतायत, पंख उघडे आहेत, तर तुमच्याकडे भरपूर वेळ आहे, घाई करू नका.

पण मासे वर येऊन पाण्याच्या तोंडाशी हवा गिळतायत, कल्ले भराभर हलतायत, कोपऱ्यात खाली बसून राहिलेत, पंख मिटलेले आहेत, तर हे आजच्या आज बघायचं. अशा वेळी मी हे करते. एअर स्टोन चालू, खाणं बंद, अमोनिया टेस्ट, आणि अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम) किंवा वर आला की तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदलायचं, अँटी-क्लोरीन टाकून, आणि दुसऱ्या दिवशी परत टेस्ट. किट नसेल तर अंदाजाने तिसरा हिस्सा बदला, त्याने नुकसान होत नाही.

एअर स्टोन का, तर पांढरं पाणी करणारे बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन खातात. त्यात आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी ३०-३२ डिग्रीला जातं आणि गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० ला साडेसात. म्हणजे उन्हाळ्यातलं पांढरं पाणी थंडीतल्यापेक्षा जास्त धोक्याचं.

अजून एक, माशाच्या अंगावर आणि पंखांवर रव्याच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर तो इच नावाचा आजार आहे, पाण्यातल्या कणांशी त्याचा संबंध नाही, त्याचे उपचार वेगळे.

२. ग्लासची टेस्ट

ही मला कुणी सांगितली नव्हती. एकदा वैतागून नंतरच्या एका टँकमधलं पाणी ग्लासात घेऊन ओट्यावर ठेवलं आणि तसंच विसरले, सकाळी बघितलं तर ग्लासाच्या तळाला राखेसारखा पातळ थर बसलेला आणि वरचं पाणी एकदम नितळ. म्हणजे माझ्या त्या टँकमध्ये बॅक्टेरिया नव्हतेच, खड्यांची धूळ होती, आणि मी आठवडाभर भलतेच उपाय करत होते!

तर काचेचा ग्लास टँकच्या मधोमध बुडवून भरा. आधी मागे पांढरा कागद धरा, रंग कळतो. मग काळं कापड धरून बाजूने टॉर्च मारा, कण दिसतात. मग ग्लास झाकून रात्रभर न हलवता ठेवा.

काय दिसलं तर काय समजायचं:

दोन-तीन मिनिटांत पाणी आपोआप साफ झालं, तर ते हवेचे बारीक बुडबुडे होते. फिल्टरचा पाईप कुठेतरी हवा ओढतोय किंवा पाणी फार उंचावरून पडतंय. माशांना त्रास नाही.

सकाळपर्यंत तळाला गाळ बसला, वर नितळ, तर धूळ, माती किंवा घाणीचे कण. पायरी ३ मधला पहिला भाग आणि पायरी ४.

सकाळी पण तसंच दुधट, खाली काहीच बसलं नाही, तर बॅक्टेरिया. हे जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास असतात, एवढे हलके की खाली बसत नाहीत आणि स्पंजमध्ये अडकतही नाहीत.

पांढऱ्या कागदावर हिरवी झाक, तर शेवाळ. चहासारखी झाक, तर लाकूड किंवा पानं.

आणि कण स्वतःहून झटके देत फिरतायत, तर ते जिवंत आहेत, घाबरू नका, त्याचंही खाली सांगते.

३. रंगावरून आणि दिवसांवरून कारण पकडा

*भरल्याभरल्या काही तासांत राखाडी-पांढरं*

ही खड्यांची नाहीतर वाळूची धूळ. पिशवीवर धुतलेले खडे असं लिहिलेलं असलं तरी धुवायचेच, तांदूळ धुतो तसे बादलीत हाताने खळबळून, वरचं पाणी ओतून, परत परत. दहा-पंधरा पाणी जातात. वाळूला त्याहून जास्त. टँक भरताना तळाला एक ताटली ठेवून तिच्यावर हळू पाणी सोडा, थेट खड्यांवर बादली उपडी केली की धुतलेले खडेही धूळ सोडतात. झाडांसाठी खाली माती किंवा सॉइल घातली असेल तर ताटलीशिवाय भरूच नका.

आता धूळ झालीच आहे तर फिल्टरमध्ये वूलचा नवीन थर घाला आणि एक-दोन दिवस थांबा, वूल राखाडी झालं की बदला.

बोअरचं पाणी असेल तर अजून एक गंमत होते. नळातून येतानाच दुधट दिसतं आणि बादलीत खालून वर असं साफ होत जातं, ती दाबाने अडकलेली हवा. पण काही ठिकाणी बोअरचं पाणी इतकं जड असतं की टँकमध्ये पाणी खेळायला लागलं की क्षार बाहेर पडतात, बारीक पांढरी पूड सगळीकडे बसते, काचेच्या कडेला पांढरी रेघ येते. अशा वेळी निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं असं मिसळून चालतं. नुसतं आरओचं नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, घसरायला वेळ लागत नाही. आणि आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात काढून टाकलेले सगळे क्षार एकवटलेले असतात.

*नवीन टँक, दुसऱ्या दिवसापासून दोनेक आठवड्यांत दुधट*

हेच माझ्या पहिल्या टँकचं झालं आणि नव्या लोकांपैकी बहुतेकांचं हेच होतं, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

नवीन टँकमध्ये मासे शी करतात, खाल्लेलं उरतं, कुजतं. ते खाणारे एक प्रकारचे बॅक्टेरिया फार भराभर वाढतात, तासातासाला दुप्पट म्हणा, आणि पाण्यातच तरंगतात, तेच तुम्हाला दूध म्हणून दिसतात. दुसरे बॅक्टेरिया अमोनिया खाणारे. माशांच्या कल्ल्यांतून आणि शीतून अमोनिया येतो, तो विषारी, त्याचं हे बॅक्टेरिया नायट्राइट करतात, तेही विषारी, मग तिसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आपण पाणी बदलून काढतो. ह्या दुसऱ्या-तिसऱ्या मंडळींना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो, आणि ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंज, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंग, खडे, काच यांना चिकटून घर करतात. सगळा संसार मांडून व्हायला चार ते सहा आठवडे जातात. ह्यालाच लोक टँक सायकल होणं म्हणतात.

आता बघा मी काय करत होते. टँक पूर्ण रिकामा केला, खडे चोळून धुतले, स्पंज क्लोरीनच्या नळाखाली पिळला. म्हणजे हळू वाढणारे, आपल्या कामाचे जे थोडेफार बसले होते ते मेले, आणि भराभर वाढणाऱ्यांना नवं रान मोकळं मिळालं. दर वेळी घड्याळ परत शून्यावर. अमोनिया मात्र मासे रोज सोडतच होते. मासे पांढऱ्या पाण्याने गेले नाहीत, अमोनियाने गेले, आणि तो तिथे साचला कारण मी साफसफाई करत होते.

मग काय करायचं. खाणं निम्म्यावर आणा, एक दिवस आड दिलं तरी मोठ्या माशांना काही होत नाही. एअर स्टोन चालू ठेवा. फिल्टर दिवसरात्र चालू, रात्री आवाज येतो म्हणून बंद करू नका. रोज अमोनिया बघा, ०.२५ च्या आत असेल तर पाण्याला हात लावू नका, वर गेला तर पाव हिस्सा बदला. नवीन मासे अजिबात आणू नका. दुधटपणा काही दिवस ते दोन आठवडे राहतो आणि मग एका सकाळी टँक लख्ख दिसतो, खरंच असं एका रात्रीत होतं.

कुणा ओळखीच्याकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला, ओला ठेवून, पिशवीत त्याच टँकचं पाणी घालून आणायचा. घरी विरजण लावतो तोच प्रकार. माझा दुसरा टँक असाच लावला आणि तो एकदाही पांढरा झाला नाही.

*जुना टँक, महिनोन्महिने साफ होता आणि अचानक दुधट*

काहीतरी कुजतंय किंवा फिल्टरचे बॅक्टेरिया मेलेत. मासे मोजा. सजावटीच्या मागे, फिल्टरच्या मागे, लाकडाखाली बघा, मेलेला मासा किंवा गोगलगाय सापडते, गोगलगायीचा वास तर असा येतो की विचारू नका. गेल्या आठवड्यात फिल्टर नळाखाली धुतला का, औषध घातलं का, खाणं कुणी जास्त टाकलं का, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. कारण काढून टाका आणि पुढे वरच्यासारखंच.

*हिरवं पाणी*

उजेड जास्त. टँक खिडकीशेजारी आहे का, सकाळचं ऊन पडतं का, लाइट रात्री झोपेपर्यंत चालू असतो का? लाइट दिवसाला ६ ते ८ तास, टायमर लावला तर उत्तम. फक्त पाणी बदलून हिरवं पाणी जात नाही, शेवाळ दोन दिवसांत परत भरून येतं. टँकला जाड चादर गुंडाळून तीन-चार दिवस पूर्ण अंधार करा, एअर स्टोन चालू ठेवून, मग एक मोठा पाणी बदल. मरणारं शेवाळही कुजतं, म्हणून तो बदल चुकवू नका. खर्च करायची तयारी असेल तर यूव्ही फिल्टर हे काम काही दिवसांत करतो. हिरवं पाणी माशांना सहसा त्रास देत नाही, त्यामुळे घाई नको.

*चहासारखं*

लाकडातून किंवा बदामाच्या पानांतून उतरणारा रंग. रस्त्याकडेला असतं ना ते मोठ्या पानांचं बदामाचं झाड, त्याची वाळलेली पानं बेट्टा (फायटर मासा) पाळणारे मुद्दाम घालतात. नको असेल तर लाकूड उकळून, आठवडाभर बादलीत भिजवून मग घाला, आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, तो तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. नव्या लाकडावर पांढरी बुळबुळीत साय आली तर ब्रशने काढा, आपोआपही जाते.

४. पाणी नितळ, पण कण तरंगतायत

हा वेगळा त्रास आहे, आणि याचं उत्तर बहुतेक वेळा फिल्टरमध्ये असतं.

आधी फिल्टरची ताकद बघा. तासाला टँकच्या पाण्याच्या निदान पाचपट पाणी फिरायला हवं, म्हणजे ५० लिटरला २५० लिटर. पण खोक्यावरचा आकडा आत स्पंज-वूल न भरता मोजलेला असतो, म्हणून मी ३५०-४०० वाला घेते. बेट्टासारख्या हळू माशाला मात्र एवढा जोर नको.

मग आतला क्रम. पाणी आधी जाड स्पंजमधून जावं, मग वूलमधून, मग सिरॅमिक रिंगवर. बारीक कण पकडतं ते वूल, नुसता जाड स्पंज असेल तर कण आरपार जातात आणि गोल फिरून परत टँकमध्ये. वूल घट्ट कोंबू नका, पाणी कडेने वाट काढतं. टॉप फिल्टरमध्ये हे फार होतं, झाकण उघडून बघा, पाणी वूलमधून झिरपतंय की बाजूच्या फटीतून सरळ खाली पडतंय.

मग दिशा. पाणी ओढणारं तोंड आणि सोडणारं तोंड एकाच कोपऱ्यात असेल तर समोरच्या कोपऱ्यातली घाण तिथेच गोल गोल फिरत राहते. पिठाची चिमूट घालून बघू नका असं सांगावंसं वाटतं कारण एकाने खरंच तसं केलं होतं आणि पीठ कुजून पाणी अजून पांढरं झालं. टॉर्च मारून कणांचा प्रवास बघा, तेवढ्याने कळतं. मी एअर स्टोन उलट्या कोपऱ्यात ठेवला आणि तिथला साचलेला गाळ दोन दिवसांत फिल्टरकडे आला.

कण कसले आहेत तेही बघा. गोल्डफिश दिवसभर खडे तोंडात घेऊन थुंकतात, त्यांच्या टँकमध्ये थोडे कण राहणारच. लांब दोऱ्यासारखी घाण असेल तर बहुधा सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा. लोक सकर आणतात टँक साफ ठेवायला, दुकानात बोटाएवढा असतो, पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा होतो आणि घरातल्या कुठल्याही माशापेक्षा जास्त शी करतो. दोन फुटी टँकमध्ये सकर आणू नका, मी हे अगदी मनापासून सांगते. हिरवे बारीक तुकडे असतील तर हायड्रिला किंवा कॅबोम्बासारखं पाण्यातलं झाड पानं गाळतंय, पिवळी पडलेली काडी कापून काढा, फिल्टरचं तोंड तपासा.

आणि ते जिवंत कण. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारल्यासारखे फिरतात ते सायक्लॉप्स, काचेवर केसासारख्या बारीक पांढऱ्या अळ्या वळवळतात त्याही कुजक्या घाणीवर जगणाऱ्या. दोन्ही माशांना काही करत नाहीत, लहान मासे तर त्यांना खातात. पण त्या खूप दिसायला लागल्या म्हणजे खड्यांत खाणं साचलंय. सायफन घ्या.

५. पाणी बदलायची पद्धत

आठवड्याला पाव हिस्सा. ५० लिटरच्या टँकला १२-१३ लिटर म्हणजे एक बादली, पाच-दहा मिनिटांचं काम.

पाईप तोंडाने ओढू नका, पूर्ण पाईप टँकमध्ये बुडवून भरा, एक टोक अंगठ्याने दाबून बादलीत खाली सोडा. रुंद तोंड खड्यांत खुपसा, खडे आत नाचतात, घाण वर जाते, खडे परत खाली पडतात. पाणी तपकिरी यायचं थांबलं की पुढची जागा. एका वेळी निम्मेच खडे करा, उरलेले पुढच्या आठवड्यात. खुपसल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर तळ बऱ्याच दिवसांपासून बंद आहे, तिथे थोडं थोडं करत जा, एकदम उकरू नका.

नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन बादलीतच घाला. ते नसेल तर बादली २४ तास एअर स्टोन लावून उघडी ठेवली की क्लोरीन उडून जातं. क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासूनचं, सहज न उडणारं रसायन) वापरलेलं पाणी असेल तर असं ठेवून चालत नाही, तिथे औषधच लागतं. हाताला दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं लागलं पाहिजे.

टँकरचं पाणी येत असेल त्या दिवशी वास घेऊन बघा. ब्लीचिंग पावडरचा भपकारा येत असेल तर पाणी बदल दोन दिवस पुढे ढकला. पावसाळ्यात जून-जुलैला नळाला गढूळ पाणी येतं, ते बादलीत रात्रभर ठेवून वरचं वरचं घ्या आणि तळातलं झाडांना.

६. फिल्टर धुताना

टँकमधून काढलेलं जुनं पाणी असतं ना बादलीत, त्यातच स्पंज तीन-चारदा पिळा. झालं. तपकिरी राहिला तरी चालेल, त्या तपकिरीतच आपले बॅक्टेरिया आहेत. रिंग फक्त त्याच पाण्यात हलवून घ्या. वूल खराब झालं की फेका, नवीन घाला. पण स्पंज, वूल, रिंग सगळं एकाच दिवशी बदलू नका, आणि ज्या दिवशी खडे खूप साफ केले त्या दिवशी फिल्टरला हात लावू नका.

लाइट गेल्यावर काय? स्पंज फिल्टर टँकमध्येच असतो त्यामुळे तो तग धरतो. कॅनिस्टर मात्र बंद डबा, चार-पाच तास बंद राहिला तर आतला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात. लाइट आल्यावर तो तसाच चालू केला तर आतलं सडकं पाणी थेट टँकमध्ये येतं. आधी उघडून आतलं पाणी ओता, मग चालू करा. घरी इन्व्हर्टर असेल तर छोटा एअर पंप त्यावर घ्या, जेमतेम ३-५ वॅट खातो.

७. हे करू नका

तुरटी. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, माझ्या आईनेही पहिल्यांदा तेच सुचवलं. पिण्याच्या हंड्याला ठीक, टँकला नको. तुरटी पाण्यातला क्षारांचा आधार खाते, पीएच खाली येतो आणि आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं.

निळं औषध. बऱ्याच दुकानांत पाणी खराब म्हटलं की ही बाटली हातात देतात. मेथिलीन ब्लू बुरशीवर आणि आजारी माशाला वेगळ्या भांड्यात द्यायला आहे. मुख्य टँकमध्ये घातलं तर फिल्टरच्या बॅक्टेरियांना मारक, आणि कोपऱ्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं.

वॉटर क्लीअर नावाची औषधं कणांचे गोळे करतात म्हणजे फिल्टर ते पकडू शकतो. धुळीला चालतात, पण मापात, आणि एअर स्टोन लावून. बॅक्टेरियामुळे दुधट असेल तर दोन दिवस बरं दिसतं आणि कारण तसंच राहतं.

पाणी साफ नाही म्हणून पीएच वर करायची पावडर घालू नका. पीएच ७ चा ८ झाला की त्याच अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो.

आणि हे सगळे उपाय एकाच दिवशी करू नका. एक गोष्ट करा, दोन-तीन दिवस बघा, वहीत तारीख घालून लिहा. माझी अशी एक चोपडी टँकच्या खालच्या कप्प्यात आहे, दर वेळी तिचाच उपयोग झालाय.

८. खाणं, आणि गावाला जाताना

दोन मिनिटांत संपेल तेवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मासे कायम भुकेले असल्यासारखे काचेशी येतात, तुम्ही समोर गेलात की येणारच, त्यावर जाऊ नका. खाली पडलेले दाणे लगेच काढा, ते फुगून फुटतात आणि त्यांचेच ते तरंगणारे मऊ कण होतात. काही स्वस्त लाल दाण्यांचा रंगही पाण्यात उतरतो.

गणपतीला आम्ही कोकणात गेलो पाच दिवस, शेजारच्या मुलाकडे किल्ली आणि खाण्याचा डबा दिला. बिचाऱ्याने मनापासून रोज मूठभर टाकलं, मासे खातायत बघून त्याला आनंद व्हायचा. परत आलो तर दार उघडल्याबरोबर वास, खड्यांवर बोटभर जाडीचा पांढरा बुरशीचा थर आणि पाणी ताकासारखं. सायफनने तो थर काढला, तिसरा हिस्सा पाणी, एअर स्टोन, चार दिवस खाणं बंद, रोज अमोनिया. नवव्या दिवशी साफ झालं आणि त्या वेळी एकही मासा गेला नाही.

आता मी कागदाच्या छोट्या पुड्या बांधते, एका पुडीत एका वेळचं, वर वार लिहून, आणि डबा कपाटात बंद. तीन-चार दिवसांसाठी जात असाल तर पुड्याही नकोत, मोठे मासे तेवढे दिवस उपाशी आरामात राहतात. निघायच्या दिवशी टँक साफ करायला घेऊ नका, ते दोन-तीन दिवस आधी उरका, म्हणजे काही बिघडलं तर तुम्ही घरी असाल. आणि शेजाऱ्यांना खाण्यापेक्षा एवढं एकच सांगून जा, दिवसातून एकदा येऊन फिल्टर चालू आहे ना बघा आणि मासे मोजा.